मशीनचा कूलर

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं कूलरची खस बदलली. सोबत केलेलं शेवटचं काम तेच. खसेच्या ताटीची एका बाजूची दोरी मी बांधायचो, दुसऱ्या बाजूची ती. तिची गाठ कायम ढिली.

"अवं, डॉक्टर झाली, पण गाठ काई जमली नाई तुले," मी म्हटलं.

"गाठीत पीएचडी देत नाईत," ती म्हणाली.

हा कूलर आमच्यासाठी नव्हता. मी अकोल्यात जन्मभर कूलरचे पत्रे वाकवले, हा मात्र तिच्या कॉम्प्युटरच्या मशीनसाठी बनवला. उन्हाळाभर आमच्या घरात मशीन गारव्यात राहायची अन् आम्ही दोघं पंख्याखाली घामात.

बायको माझी कॉम्प्युटरची प्रोफेसर होती. मी सातवी नापास. लग्नानंतर ती म्हणाली, पुढं शिकायचं आहे. मी म्हटलं, शिक. माझं काम तेवढंच. बाकी सगळं तिचं. बीएस्सी इथं, मग एमएस्सीला रोज अमरावती, पहाटेची गाडी, उभ्यानं अभ्यास. मग कॉलेजात नोकरी, मग पीएचडी. तिचे लेख परदेशात छापून यायचे. एक हातात घेऊन पाहिला होता मी. नुसती चिन्हं अन् आकडे. हा हिसाब कशाचा, विचारलं, तर म्हणे, तुमच्या बोलण्याचा.

खरंच होतं ते. मशीनला आपली वऱ्हाडी समजावी, हे तिचं संशोधन. पहिला आवाज तिनं माझाच भरला. मग एक दिवस मी बोललो अन् ते पडद्यावर उमटलं, माझ्या 'काहून'सकट. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. माझं बोलणं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं.

"याले समजलं कसं?"

"समजत नाई. अंदाज करते. चुकलं का आपण सांगतो, मंग पुन्हा करते. लाखदा."

"मंग माणसावानीच हाय."

"तुमच्याहून बरं. सांगतलेलं ऐकते."

ती हसत होती, मला हसू येत नव्हतं. भाकरी थापणाऱ्या या हातांनी हे कसं केलं, तेच मी पाहत होतो. अजून कळलेलं नाही.

रिटायर झाली तरी तिची एक विद्यार्थिनी राहिली होती. पोरीचा बाप नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे. थिसिस द्यायची मुदत तोंडावर आलेली, अन् मशीनला शेवटचं शिकवणं आमच्या घरी चालू. खोली तापली की मशीन आपोआप बंद पडते.

"पाणी संपू देऊ नोका," खस बदलून झाल्यावर ती म्हणाली. "आता बंद पडली तर पोरीची मुदत हुकन."

मग चहा ठेवायला आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. मी पोचलो तेव्हा ती ओट्याला टेकून खाली बसलेली होती. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मान हलवली.

दुपारपर्यंत घर भरलं. पातूरहून माझा साळा आला. बाहेर ऊन असं की अंगणात पाय टेकवत नव्हता. साळ्यानं कूलरला हात घातला.

"भाऊजी, ताई इथं उकाड्यात, अन् ते डबडं तिकडं थंड्या हवेत? लोक काय म्हणतीन?"

"राहू दे तो तिथंच," मी म्हटलं. "तुह्या ताईले आता उकडत नाई. त्या डबड्याले उकडते."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. कोणी म्हणालं, म्हातारा बहकला. मी मशीनच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो. साळा बर्फ घेऊन आला, तो तिच्याजवळ ठेवला.

पोरगी अमरावतीहून आली. माझ्या पायाशी बसली, पण तिची नजर सारखी त्या दाराकडं जायची. विचारायची हिंमत होत नव्हती बिचारीची.

"चालू हाय," मी म्हटलं. "आता रड."

मग ती रडली.

ऊन उतरल्यावर बायकोला नेलं. बुद्धवंदना झाली, अग्नी दिला, माणसं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनच्या खोलीत गेलो. दिवा लुकलुकत होता. कूलरचं पाणी तळाला लागलेलं, अन् बायकोनं बांधलेल्या बाजूनं ताटी सरकून लोंबत होती. एका गुडघ्यानं ती दाबून धरली. तिची गाठ सोडली नाही. तिच्यावरूनच दुसरी मारली, अन् बादली घेऊन नळाकडं गेलो.