पोकळ ठरवलेली सरई

माणसांशी बोलताना ठोकभाऊ खाली बघायचे आणि झाडाशी बोलताना वर. आमच्या लामता गावात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. लाकडाच्या ठेकेदाराकडे ते पारखी होते. जंगलातल्या उभ्या सरईवर, म्हणजे साल वृक्षावर, कुऱ्हाडीची उलटी बाजू ठोकायची, बुंध्याला कान लावायचा आणि एकच शब्द सांगायचा, ‘भरीव’ किंवा ‘पोकळ’. भरीव झाड पडायचं. पोकळ तसंच राहायचं.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसत, शाळेतल्या पोरांसाठी पानात बांधलेली चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणत. “सांगा गुरुजी, आज पोट्ट्यांले काय शिकवलं?” म्हणत आणि डोळे मिटून सगळा धडा ऐकत. पाडलेल्या झाडाजवळ ते कधी जेवले नाहीत. मजूर हसत, तर म्हणायचे, “मीच त्याले पाडाले लावलं न? मंग तिथंच भाकर कशी खाऊ?”

त्यांची सुमी सहा वर्षांची असताना तापाने गेली. बिरशा गावाहून दवाखान्यात आणताना बैलगाडीतच तिचा जीव गेला. लहान लेकराला पुरतात, म्हणून त्यांनी तिला वाटेतल्याच एका मोठ्या सरईखाली पुरलं. त्यानंतर दर हंगामात ते त्या झाडाला पोकळ ठरवत आले. मला मात्र तेव्हा पोर गेली एवढंच ठाऊक होतं. कुठे पुरली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते म्हणाले, “चला गुरुजी, मोठं रान दाखवतो.” ठेकेदाराच्या रिकाम्या ट्रकने आम्ही दोन दिवस हिंडलो. तिघांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत असल्या सरई. दुपारीसुद्धा खाली संध्याकाळ वाटायची. ठोकभाऊंनी मला ठोकायला शिकवलं. पाच झाडं चुकलो, सहावं बरोबर आलं, तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. मीही भलताच फुगलो.

बिरशाच्या अलीकडे त्यांनी ट्रक थांबवला. चपला काढून एका झाडापाशी उभे राहिले, मग इंजिनात घालायला पाणी आणतो म्हणून डबा घेऊन नाल्याकडे गेले. मला चैन पडेना. मी त्याच झाडावर ठोकून पाहिलं. ते परतले तोवर ठेकेदाराची जीप येऊन थांबली होती.

“ये वाला?” ठेकेदाराने विचारलं.

“पोकळ हाय, शेठ.”

“अहो, काय सांगता!” मी मध्येच बोललो. “मी आत्ताच ठोकलं. अगदी भरीव आहे!”

शाबासकी मिळेल असं मला खरोखर वाटलं होतं. ठोकभाऊंच्या हातातला डबा कलंडला. ठेकेदाराने गिरमिटाने भोक पाडायला लावलं, तर तांबूस, कोरडा भुसा बाहेर आला. कुजकं काहीच नव्हतं. “कान गए तुम्हारे, या नीयत?” तो हसत म्हणाला आणि त्याच दिवशी ठोकभाऊंचं काम सुटलं. झाड दुसऱ्या सकाळी पाडलं. ओंडका ओढताना बैलांनी खालची सगळी माती उकरून काढली.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला सुमीचं सांगितलं. “काहून बोलला नाहीत?” त्यांच्याच बोलीत माझ्या तोंडून निघालं.

“काय बोलू? शेठ म्हणला असता, पोरीपायी माल दडवते.” मग म्हणाले, “तुमचा कान चांगला झाला, गुरुजी.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

पुढे ते तिरोडीला, मँगनीजच्या खाणीत लागल्याचं कळलं. माफी मागायला जायचं मी दर सुट्टीत ठरवायचो, एकदा तर तिकीटही काढलं. त्यांच्यासमोर जाऊन काय म्हणायचं, ते मला सुचलं नाही. फलाटावरून घरी परत आलो. दोन वर्षांनी खाणीतून परतलेल्या एका मजुराने ठोकभाऊ वारल्याचं सांगितलं.