एक जूनचं गाव

दोन वर्षांची फेलोशिप पूर्ण करून परतलो, तर गावानं माझा सत्कार ठेवलेला. शहागडच्या फाट्यावर फ्लेक्स, मारुतीच्या पारावर शाल, नारळ, फेटा. फ्लेक्सवर 'संशोधक सुपुत्र' असं लिहिलं होतं. तो फ्लेक्स फाडून टाकावासा वाटला.

संशोधन होतं शेतात राबणाऱ्यांच्या मूत्रपिंडांवर. परदेशातल्या विद्यापीठानं मला घेतलं ते माझ्या हुशारीवर नव्हे, माझ्या गावाच्या रक्तावर. जाण्याआधी शाळेच्या व्हरांड्यात बसून मीच ते काढलं होतं. आपल्या पोराला लागतंय म्हणून लोक कामं टाकून आले. रांगेत पहिली होती माझी थोरली चुलती. मी तिला मोठी माय म्हणतो. आईच्या आजारपणात तिनंच मला सांभाळलं.

"रिपोर्ट सांगशील ना बाबा? पाय सुजून राह्यलेत माझे."

"सांगतो की," म्हणालो. शब्द द्यायला काय जातंय!

तिकडे रक्त देणाऱ्यांची नावं-जन्मतारखांची यादी मंजूर झाल्याशिवाय रक्त तपासत नसत. एक दिवस गाइडनं बोलावलं. समोर पडद्यावर आमचं गाव. अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं, उरलेलं एक जानेवारीला. आपल्याकडे याचं कुणाला नवल नाही. पोरगं शाळेत घालताना गुरुजी सरसकट एक जून टाकत. शाळेचं तोंडच न पाहिलेल्यांना आधार कार्डवाल्यानं एक जानेवारी दिली. गाइडनं शांतपणे विचारलं, "ही माणसं खरंच आहेत का?"

माझा स्वतःचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पासपोर्टवर एक जून. तो टेबलावर ठेवून सांगायचं होतं, की बाबा, आमच्याकडे हे असं असतं. एवढंच. पण मग माझाच कागद खोटा ठरला तर? व्हिसा गेला तर? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार! मी म्हणालो, "माहिती भरायला ठेवलेल्या माणसानं आळस केलेला दिसतो."

माहिती मीच भरली होती.

गाव यादीतून वगळलं गेलं. नियमाप्रमाणे नमुने नष्ट केले, एकही न तपासता. माझा शोधनिबंध दुसऱ्याच कुठल्या देशातल्या मजुरांच्या रक्तावर पार पडला. मोठी माय फोनवर विचारायची, मी 'वेळ लागतो' म्हणायचो. पुढं पुढं तिचा फोन आला की उचलायचंच टाळू लागलो.

सत्काराला ती दिसली नाही. चुलतभावाला विचारलं.

"जालन्याला दवाखान्यात हाय. डायलिसिसवर. आठवड्यातून दोनदा करावं लागतं. तुला परीक्षेच्या टायमाला सांगू नको म्हणली."

मी भडकलो. पाय सुजलेले दिसत होते, मग वेळेवर अंबडच्या डॉक्टरला का नाही दाखवलं, म्हणून भर पारावर त्याला झापलं. फेटा बांधलेला तसाच होता. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

तो बिचारा खाली बघून म्हणाला, "लई डाव म्हणलो, चल. बिलकुल ऐकलं न्हाई तिनं. म्हणायची, आपल्या पोरानं रगत नेल्तं तिकडं. काही वाईट असतं तर त्यानं जल्दी कळवलं नसतं का?"

दुसऱ्या दिवशी जालन्याला गेलो. हाताला नळ्या लावलेल्या, चेहरा सुजलेला. मला बघून तिला कोण आनंद झाला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "ह्यो माझा पोरगा. परदेशात डाक्टर होता." मग माझ्याकडे वळून, "आला का रे माझा रिपोर्ट?"

खरं सांगायची वेळ दुसऱ्यांदा आली होती. इथं तर पासपोर्टही जाणार नव्हता.

"तेव्हा चांगला होता, मोठी माय."

"बघा," ती शेजारणीला म्हणाली, "तवा काहीच न्हवतं. मंग माझीच हयगय झाली."