मावशीचं खडप

मी तशी घाबरट नाही. कॉलेजात मुलंच मला टरकून असतात, आणि ते बरंच आहे. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक ईमेल उघडली आणि माझी पाचावर धारण बसली.

मी पालघरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर नवापूरचं, अगदी दर्याकाठचं. आमच्याकडे बढती हवी तर लेख लिहावे लागतात, आणि लिहिलेले लेख एका ऑनलाइन ग्रंथालयात चढवावे लागतात. ते ग्रंथालय नुसतं लेख सांभाळत बसत नाही. सगळ्यांचे लेख चाळतं आणि मधूनच कळवतं, की अमुक संशोधकाचं काम तुमच्या कामाशी जुळतंय, दोघं मिळून काही करून बघा. लग्नाची स्थळं सुचवावीत तसं! त्या सूचना मी आजवर न वाचताच उडवत आले होते. कोण कुठली आसामातली बाई, तिच्यासोबत मी काय करणार?

या वेळी सुचवलेले गृहस्थ बोईसरचे होते. एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. जुळणी उत्तम, असं वर लिहिलेलं. खाली त्यांचा लेख, आणि लेखकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी माझ्या सख्ख्या भावाचं नाव.

माझा धाकटा भाऊ त्याच प्रयोगशाळेत कंत्राटावर आहे. साहेबांनी लेखात आपलं नाव घातलं म्हणून त्याने आम्हाला पेढे दिले होते. पेढे मी खाल्ले, लेख वाचला नव्हता. रसायनातलं मला काय कळतंय! आता वाचायला घेतला. सांडपाणी शुद्ध करायची एक पद्धत होती, आणि शुद्ध झालेलं पाणी तुलनेसाठी किनाऱ्यावरच्या स्वच्छ पाण्याशेजारी ठेवलं होतं. ते स्वच्छ पाणी कुठून आणलं? मावशीचं खडप. इंग्रजी अक्षरांत, जसंच्या तसं.

अरे देवा!

मावशीचं खडप हे नाव कुठल्या नकाशात नाही. गावातसुद्धा नाही. आईची मावशी त्या खडकांवर कालवं काढायला जायची, म्हणून आमच्या घरात, फक्त आमच्याच घरात, त्याला तसं म्हणतात. नमुना कुठला ते लिहायची वेळ आली तेव्हा भावाला दुसरं नाव सुचलंच नाही. आणि मला तरी कुठे सुचलं? माझा लेख त्याच खडपावरच्या कालवांचा. तिथली कालवं शिंपल्यातच मरतायत, असं मी लिहिलं होतं. का मरतायत ते मला सांगता आलं नव्हतं, पण पाणी चांगलं असतं तर मेली नसती, एवढं कुणालाही कळेल.

म्हणजे साहेब ज्या पाण्याला स्वच्छ म्हणत होते त्यालाच मी खराब म्हणत होते. आणि ते पाणी भरून आणणारा पोरगा माझा भाऊ.

आमच्या ग्रंथपालांना मी सहजच आल्यासारखं दाखवत विचारलं, ही जुळणी होते तरी कशी? ते खुशीत आले. "पाणी, मासे, प्रदूषण हे शब्द सगळेच लिहितात, मॅडम. त्यांना किंमत नाही. पण जगात दोघांनीच लिहिलेला शब्द सापडला, की यंत्र तो सोडत नाही."

"आणि ही सूचना त्या दुसऱ्यालाही जाते?"

"जाणारच की! एकालाच कळवून काय उपयोग?"

जिन्यातच उभं राहून भावाला फोन लावला. तो कुजबुजत बोलत होता.

"ताय, सरांना पन आलंय ते. मला केबिनमदे बोलावलं. बोलले, तू तिकडचाच ना, ही बाई कोन? मी बोललो, ओळखत नाय."

"ओळखत नाय?"

"मग काय सांगू? माजीच बहीन तुमच्या पान्याला खराब बोलते? पुढच्या महिन्यात मला कायम करतायत. लगीन ठरलंय माजं, ताय."

त्याचं बरोबर होतं. तरी ते 'ओळखत नाय' मला लागलं, खोटं कशाला बोलू! लग्नानंतर माझं आडनाव बदललं, मधे नवऱ्याचं नाव आलं. कागदावर आम्हा बहीणभावांत सारखं काहीच उरलेलं नाही. एरवी या गोष्टीवरून मी तावातावाने भांडते. त्या दिवशी मुकाट्याने देवाचे आभार मानले.

ग्रंथालयातून माझा लेख काढून टाकायचा प्रयत्न केला, निघेना. आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "कालवं खायची सोडून मोजत बसायला तुला कोनी सांगितलं होतं? त्याची नोकरी गेली तर बघ!" त्यानंतर मला जेवण जाईना. वर्गात शिकवताना फोन थरथरला की पुढचं वाक्यच हरवायचं.

आणि मग साहेबांची ईमेल आली. कॉलेजात येऊन भेटतो.

आले ते भावाला घेऊनच. "हा आमच्याकडचा मुलगा, तिकडचाच आहे, म्हणून आणला," म्हणाले. भाऊ खुर्चीच्या कडेवर टेकला. "नमस्कार, मॅडम." मला मॅडम! मी चहा मागवला. साहेब अगदी गोड बोलणारे, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती.

"हे खडपाचं नाव तुम्हाला कुठून मिळालं?"

"गावातल्या बायकांकडून."

"हाही तेच म्हणतो. गावात सगळेच म्हणतात म्हणे."

"हो, सगळेच." माझा आवाज मलाच परका वाटला.

"आणि कालवं खरंच मरतायत?"

भावाने मान खाली घातली. "मरतायत," मी म्हटलं. ते मला नाही म्हणता येईना.

साहेबांनी चहा संपवला. "मग पाणी पुन्हा तपासायला हवं. आपण मिळूनच बघू. तू मॅडमचा नंबर घेऊन ठेव रे, यापुढे तूच बोलत जा त्यांच्याशी."

सुटलो, असं वाटलं. मी एकेक आकडा सांगत गेले, तोही नवखा असल्यासारखा दाबत गेला. नाटक छान जमलं होतं. आणि मग, जसं आपण सगळेच सवयीने म्हणतो, तसं तो म्हणाला, "मिस्ड कॉल देतो, मॅडम."

माझा फोन टेबलावर, साहेबांच्या कपाला लागून पडला होता. मी हात घातला, पण उशीर झाला. स्क्रीनवर गेल्या भाऊबीजेचा फोटो उजळला. कपाळाला टिळा, तोंडात सबंध करंजी, आणि खाली मोठ्या अक्षरांत: भावड्या.

फोन वाजत राहिला. साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ओळखत नव्हतास ना?"

भाऊ उठून उभा राहिला. "माजी ताय हाय ती, सर," तो म्हणाला. "सख्खी."

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकलं तेव्हा मनात एवढंच आलं, की अरे, अजून एकदा 'ओळखत नाय' म्हण.