कोंबडीखालची बदकं

माझ्या मावशीची खाकी बदकं अंडी भरपूर द्यायची, पण उबवायला एकही बसायचं नाही. "मेल्या अंडी टाकतात आणि हुंदडायला मोकळ्या!" असं करवादत मावशी ती अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची.

त्या सकाळी पिल्लं पहिल्यांदाच डबक्यात उतरली आणि कोंबडी काठावर आकांत करत धावू लागली.

"अगं बये, गप! तुझी नाहीत ती," मावशी खेकसली. "कितीही जीव लाव, पाण्यातच जायची!"

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. तान्ही असताना मला मावशीकडे ठेवून गेलेली आई आज न्यायला आली होती.

मावशीने कोंबडी काखोटीला मारली. "जा तू. ही ओरडायची थांबल्याशिवाय मला हलता येणार नाही."

कोंबडी केव्हाच गप्प झाली होती.