व्हायरस म्हणे माझ्या हाताला

“तू आधी हात धुऊन ये. कोपरापर्यंत. साबण लावून.”

सरांनी हे भर वर्गात सांगितलं. बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. करत होते मी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लॅब म्हणजे देवघरच. चपला बाहेर, पडदे ओढलेले, आत गारठा. चपला सगळेच काढायचे. हात धुवायला मात्र मला एकटीला पाठवलं. का, तर मी बसायचे त्या मशीनमध्ये व्हायरस निघाला.

“मेंढरांत वावरतात ही माणसं. घेऊन येतात काहीबाही,” सर म्हणाले. पोरं खो खो हसली.

आमचं घर इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप मोडून शेती धरली. मी जन्मात मेंढरू राखलेलं नाही. राखलं असतं तरी काय बिघडलं असतं म्हणा. सरांना माझ्या आडनावावरूनच सगळं कळलं होतं.

आणि गंमत बघा. याच सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं की व्हायरस म्हणजे जंतू नव्हे, तो प्रोग्राम असतो, फ्लॉपीतून येतो. म्हणजे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी नळावर गेले. धुतले हात. कोपरापर्यंत.

मग ते रोजचंच झालं. सर बोलायचेही नाहीत, नुसती मान नळाकडे वळवायचे. मी निमूट जायचे. जळोचीहून, मामाच्या घरून, पायी यायचे मी. त्या चालण्यानं कधी दमले नाही. या मान वळवण्यानं दमायचे. घरी गेल्यावर जेवण जायचं नाही.

गप्प बसायचं कारण एकच. सर एक जादा वर्ग काढणार होते. व्हायरस कसा शोधायचा, पासवर्ड कसे राखायचे, मशीनमधली माहिती चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं त्यात होतं. पुण्याच्या कंपन्यांना हे येणारी पोरं हवी होती. खुर्च्या मोजक्या, निवडणार सर. मला हेच काम करायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पुन्हा व्हायरस आला. त्या दिवशी मी लॅबमध्ये नव्हतेच, इंदापूरला तहसीलमध्ये दाखल्याच्या रांगेत उभी होते. दुसऱ्या दिवशी दारात पाऊल ठेवलं आणि सरांनी मान वळवली.

मला वीट आला. राग नंतर आला, आधी वीट आला.

“सर, मी हात धुणार नाही. फ्लॉप्या तपासा. सगळ्यांच्या. माझी आधी तपासा.”

पुढच्या मशीनवर एका डॉक्टरांचा मुलगा बसायचा. पुण्याहून गेमच्या फ्लॉप्या आणायचा. सरही कौतुकानं बघत उभे राहायचे. त्यानं दप्तर हळूच खुर्चीखाली सरकवलं. सरांनी पाहिलं. मीही पाहिलं. फ्लॉपी कुणाचीच तपासली नाही.

“माफी लिहून दे. नाहीतर जादा वर्गाला यायचं नाही,” सर म्हणाले.

आबांना बोलावणं गेलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि माझ्यादेखत त्यांनी हात जोडले. “लेकरू हाय, सर. चुकलं आसंल.” काय चुकलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्या जोडलेल्या हातांचा मला आला तेवढा राग सरांचाही आला नव्हता. मग त्या रागाचीच लाज वाटली. हे हात जोडायला कुणी शिकवलं, ते मला दिसत होतं.

व्हरांड्यात आबा म्हणाले, “दोन वळी लिवून दे की पोरी. शिकायचं हाय न्हवं तुला?”

“शिकायचंच हाय, आबा. पर माफी न्हाय लिवणार.”

“मग काय करशील?”

“वर्गात जाऊन बसंन. उठवू दे त्यास्नी.”

आबा एस.टी. स्टँडकडे निघून गेले.

जादा वर्गाच्या दिवशी यादीत माझं नाव नव्हतं. मी आत जाऊन मोकळ्या खुर्चीवर बसले. सर म्हणाले, “ऊठ.” मी उठले नाही. त्यांनी शिपायाला हाक मारली. मारू देत. उद्याही येईन, परवाही येईन. चूक माझी नाही. माफी सरांनी मागायची आहे, याच वर्गासमोर, आणि ती ऐकल्याशिवाय मी ही जागा सोडणार नाही.