माळावरचा रविवार

गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या हुरड्याचा वास आला की जिंतूरजवळचं ते सरकारी माळरान आठवतं. सहलीला येणारी माणसं आणि तिथली काळविटं यांवर माझं संशोधन चाललं होतं. गाड्या थेट गवतात शिरायच्या आणि कळप उधळायचा. गाड्या सडकेवरच थांबवा, असं मी ग्रामसभेत सुचवलं, तेव्हा हुरडा विकणारी एक बाई उठली. "लोकं न्हाई आली तर आमी खावं काय?" मी म्हणाले, "येऊ द्या की, फक्त पायी येऊ द्या." महिनाभर करून बघायचं ठरलं. पहिल्याच रविवारी माणसं चालत आली, कळप निवांत चरत राहिला, आणि तीच बाई पाहुण्यांना हळूच सांगत होती, "इथूनच बघा, आमच्या पोरीनं लय अभ्यास केलाय ह्याचा." आज माझ्या नावामागं डॉक्टर लागतं, पण मान तेवढी ताठ पुन्हा झाली नाही.