तबक बायकांच्या हाती

या, अशा जवळ येऊन बसा. दारात परक्यासारख्या काय उभ्या राहिलात? लोणावळ्याला येता, धुकं बघता, चिक्कीचे डबे घेता आणि म्हातारीच्या घरावरून तशाच निघून जाता. बरं दिसतं का हे? आता आलाच आहात तर पुढं सरका.

हे ‘पुढं सरका’ माझं नाही बरं, आमच्या पाळकसाहेबांचं आहे. पाळक म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचे उपासना चालवणारे गुरुजी. आणि चर्चला आमच्यात अजून देऊळच म्हणतात. तर दर रविवारी देवळात शिरलं की ते आधी वेदीकडं जायचे नाहीत. बायकांच्या मागच्या बाकांपाशी थांबून चष्मा सदऱ्याला पुसत म्हणायचे, “पुढं सरका बायांनो. पुढचे बाक काय पाहुण्यांसाठी ठेवलेत?” आम्ही पदर सावरत एक बाक पुढं व्हायचो. पुढच्या रविवारी परत मागं. तेही थकायचे नाहीत, आम्हीही नाही.

माणूस नगरकडचा, उंच, किडकिडीत. आवाज मात्र असा की गाणं सुरू केलं तर समोरच्या गॅरेजातली पोरं पाना खाली ठेवून ऐकायची. बुधवारी दुपारी आमच्या ओसरीवर बायकांचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घ्यायचे. यापूर्वीच्या पाळकांनीही घेतला होता, पण ते सांगायचे आणि आम्ही डुलक्या काढायचो. हे आले ते पहिल्याच दिवशी माझ्या पुढ्यातली लसणाची पाटी ओढून सोलायलाच बसले. म्हणाले, हात रिकामे असले की माझं डोकं भरकटतं. मग वाचायचे थोडं आणि विचारायचे फार. “तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं?” हा त्यांचा कायमचा प्रश्न. मी शाळेची पायरी चढलेली नाही, अक्षरं जोडायला शिकले ती पुडीच्या कागदांवरून. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं विचारत होतं.

एकदा त्या दोन बहिणींची गोष्ट चालली होती. एक प्रभूच्या पायाशी ऐकत बसते आणि दुसरी स्वयंपाकघरात राबते, ती. आमच्यात भाजे गावची एक मावशी यायची, दिवसभर रोजावर खपणारी. ती म्हणाली, “साहेब, ती ऐकत बसली ते ब्येस झालं. पर सगळ्याच बसल्या आस्त्या, तर भाकरी कुणी थापल्या आस्त्या? प्रभूला भूक लागली आसंल का न्हाई?”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबही हसले, पण रविवारी तोच प्रश्न थेट उपदेशात घेतला. भाज्याच्या मावशींनी विचारलाय, असं सांगून म्हणाले, मला उत्तर अजून सापडलेलं नाही, पुरुषांनी आज घरी जाऊन विचार करावा. मावशी त्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि तिथून कधी हलली नाही.

आता खरं दुखणं सांगते. आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षांचा रस, सगळ्या मंडळीनं मिळून घ्यायचा. त्याची तयारी आमची, म्हणजे माझी आणि शांतावहिनींची. शनिवारी मनुके उकळून रस गाळायचा, भाकरीचे तुकडे करायचे, इवले इवले पेले धुऊन पुसायचे. पण रविवारी ते तबक उचलून मंडळीत फिरवायचं ते पंचांनी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पुरुषांनी. बाईनं वेदीचा कठडा ओलांडायचा नाही. का, तर नाही.

पंचांचे प्रमुख होते भाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. आणि शांतावहिनी ही त्यांचीच बायको. साहेबांनी एकदा मिटिंगमध्ये हा विषय काढला, तेव्हा भाऊ म्हणाले, बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं शास्त्रातच आहे. साहेबांनी शांतपणे उत्तर दिलं, “भाऊ, प्रभू उठला, कबर रिकामी झाली, ही बातमी बायकांनी आणली. त्या गप्प राहिल्या असत्या तर आज तुम्ही नि मी इथं नसतो.” भाऊंना राग आला. बाईनं कठडा ओलांडला तर वर तक्रार करून महिन्याच्या आत बदली करवतो, असं सर्वांसमोर बजावलं. साहेबांची मुलगी दहावीला होती. मीच त्यांना म्हटलं, साहेब, राहू द्या, आम्हाला सवय आहे. ते म्हणाले, “सवय आहे, तेच तर वाईट आहे.”

मग आला तो रविवार. पुण्याहून मोठे साहेब, म्हणजे सगळ्या पाळकांच्या वरचे, उपासनेला यायचे होते. आदल्या रात्री ते भाज्याला नातलगांकडं उतरले होते. त्यांना आणायला जीप ठरली आणि सगळेच्या सगळे पंच तिच्यात चढले. पाळकसाहेब म्हणाले, एकानं तरी थांबा. पण मोठ्या साहेबांच्या शेजारी बसायचा मान कोण सोडतो? दाटीवाटीनं गेले बिचारे. दिवस पावसाळ्याचे, त्यात रविवार. धबधबा बघायला आलेल्या गाड्यांनी भाज्याचा अरुंद रस्ता पार तुंबलेला. फोन केला की भाऊ सांगायचे, आलोच. अर्ध्या तासानं परत तेच, आलोच.

इकडं गाणी झाली, उपदेश झाला. टाकव्याच्या लोकांना परतीची गाडी गाठायची होती, तळेगावच्या कंपनीतल्यांना दुपारची पाळी होती. साहेबांनी भाकर घेऊन प्रार्थना केली आणि समोर पाहिलं. पंचांचा बाक रिकामा. ते स्वतः तबक फिरवू शकले असते. एखाद्या पुरुषाला हाक मारता आली असती. त्यांनी आपल्या बायकोकडं पाहिलं. त्या माउलीला सगळं ठाऊक होतं, मुलीची दहावीसुद्धा. तिनं हळूच मान डोलावली. साहेब आमच्याकडं वळून म्हणाले, “ज्यांनी केलं, त्यांनीच वाढावं. या.”

मी आपली बाक धरून बसले. शांतावहिनींनी माझं मनगट धरलं आणि ओढतच नेलं. कठडा ओलांडला तेव्हा वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. भाकरीचं तबक त्यांच्या हातात, पेल्यांचं माझ्या. पावलागणिक पेले किणकिणत होते.

निम्मे बाक झाले आणि दारात जीप वाजली. भिजलेले पंच आत आले, सोबत मोठे साहेब. जागा नव्हती म्हणून सगळे अगदी मागच्या बाकावर टेकले. एक एक बाक करत आम्ही तिथवर गेलो. कडेला भाऊ. वहिनींनी तबक पुढं धरलं. भाऊंचे हात मांडीवर तसेच. त्यांनी घेतलं नसतं तर पुन्हा कुठलीही बाई त्या तबकाला शिवली नसती आणि साहेबांचं सामानही बांधावं लागलं असतं. सगळी मंडळी माना वळवून बघत होती.

वहिनी अगदी हळू म्हणाल्या, “घ्या की. घरी रोज माझ्याच हातचं खाता.”

भाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं. लग्नात तरी इतकं पाहिलं होतं की नाही, देव जाणे. मग त्यांचे दोन्ही हात वर आले, ओंजळ झाली. वहिनींनी तुकडा ठेवला. मी पेला दिला. पाठोपाठ मोठ्या साहेबांनी घेतलं आणि मोठ्यानं आमेन म्हटलं. तबक घेऊन वेदीकडं परत जाताना पेले किणकिणले नाहीत.

पण खरी मजा चहाच्या वेळी. मोठे साहेब भाऊंना म्हणाले, तुमच्याकडं बायका वाढतात हे फार चांगलं आहे, बाकीच्या मंडळ्यांनीही शिकायला हवं. भाऊंनी बशी खाली ठेवली, छाती काढली आणि म्हणाले, “हो साहेब. आमच्याकडं अशीच पद्धत आहे.” पाळकसाहेबांना चहाचा असा ठसका लागला की पाठ थोपटावी लागली.

तक्रार कसली नि काय. पुढच्या वर्षी पंचांत मी आले, वहिनी आल्या. साहेबांची मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. त्यांची बदली झाली ती रीतसर, मुदत पुरी झाल्यावर. शेवटच्या रविवारी प्रभुभोजन नव्या पाळकांनी चालवलं आणि आमचे साहेब साध्या माणसासारखे मंडळीत बसले. मी तबक घेऊन समोर गेले तर त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं पुसतील, पण पुसला नाही. तसेच भरल्या डोळ्यांनी घेतलं. दुपारी टेम्पोत सामान चढवून निघून गेले. आता नगरकडच्या कुठल्याशा खेड्यात आहेत. तिथल्या बायकांचं बुधवारचं लसूण आयतं सोलून होत असणार.

आमच्याकडं आता वाढायच्या पाळ्या असतात, बाईची तशी बाप्याची. महिन्याच्या पहिल्या रविवारी माझा उपदेशही असतो. गोष्टी सांगते आपल्या, जमतील तशा. आणि उपासना संपली की भाऊ बाह्या दुमडून मोरीवर पेले विसळतात. एकही फुटलेला नाही अजून. नुसत्या ऐकून काय जाता? येत्या पहिल्या रविवारी या, जेवायलाच थांबा.